डब्ल्यूपीसी डेकची निगा : गिऱ्हाईक टिकवणारे काम

बंगल्याच्या बागेत, हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाभोवती, शहरातल्या इमारतींच्या गच्चीवर आता लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची जमीन सर्रास दिसते. बाजारात या मालाला डब्ल्यूपीसी डेक किंवा नुसते डेकिंग म्हणतात. विकणारा दुकानदार आणि बसवणारा सुतार दोघेही एक वाक्य हमखास बोलतात : "साहेब, याला काहीच करावे लागत नाही." हे वाक्य सौदा लवकर जमवते, पण दोन पावसाळे गेले की तक्रार घेऊन गिऱ्हाईक त्याच दुकानाच्या दारात उभे राहते. फळ्यांवर काळे ठिपके आलेले असतात, शेवाळाने पाय घसरतो, कडेला फळी फुगलेली असते. दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, अर्धवट सांगितलेल्या गोष्टीचा असतो. म्हणून या मालाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने व कारागिराने त्याच्या साफसफाईची माहिती करून घेणे गरजेचे आहे.

हा माल आहे तरी काय?

नावाप्रमाणे हे लाकूड आणि प्लास्टिक यांचे मिश्रण आहे. लाकडाचा भुसा बारीक करून पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसीमध्ये मिसळतात व साच्यातून फळी काढतात. हा धंदा अमेरिकेत वाढला. तिथली ट्रेक्स ही मोठी कंपनी १९९६ साली सुरू झाली. टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या आणि भुसा हा तिचा कच्चा माल. पुढे २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिकयुक्त औषध लावणे जवळपास बंद झाले आणि या फळ्यांना आणखी वाव मिळाला.

सुरुवातीच्या फळ्यांत भुसा उघडाच असे. लाकडाला पाणी लागते आणि बुरशीला लाकूड लागते. तेव्हा बुरशीच्या तक्रारी आल्या आणि काही प्रकरणे अमेरिकेच्या न्यायालयांतही गेली. त्यानंतर कारखानदारांनी फळीवर शुद्ध प्लास्टिकचे कवच चढवायला सुरुवात केली. २०१० च्या सुमारास हा कवचाचा माल तिकडे चांगलाच रुळला. आपल्याकडे मात्र दोन्ही प्रकार विकले जातात. ओळख सोपी आहे. फळीचे कापलेले टोक पाहावे. वरच्या बाजूला वेगळ्या छटेची पातळ साल दिसली तर कवचाची फळी, सगळीकडे एकसारखे दिसले तर बिनकवचाची. काही फळ्यांना तीनच बाजूंनी कवच असते, खालची बाजू उघडी राहते. आणि जिथे करवत लागते तिथे तर प्रत्येक फळी उघडीच पडते.

कवचाच्या फळीवरही बुरशी धरते, कारण धूळ, परागकण आणि कुजलेली पाने हेही तिचे खाद्य आहे. फरक एवढाच की ती वरच्यावर राहते आणि धुतल्यावर निघते.

धुण्याची रीत

पहिले काम कोरड्या झाडूचे. त्याहून महत्त्वाच्या आहेत दोन फळ्यांमधल्या फटी. तिथे पाने व माती अडकली की पाणी खाली जात नाही आणि हवा वर येत नाही. फट प्लास्टिकच्या पट्टीने साफ करावी, लोखंडी पात्याने नाही.

मग फळी ओली करून, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ ब्रशने फळीच्या लांबीच्या दिशेने घासावी. एका वेळी थोडाच भाग घ्यावा आणि साबण वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढावा. "धुतले तरी डेक मळकटच दिसतो" ही तक्रार बहुधा इथूनच येते. मळाचे पाणी फळीवरच वाळते व त्याचा थर बसतो. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटी फडक्याने कोरडे करून घ्यावे.

प्रेशर वॉशर सरसकट वापरू नये. बिनकवचाच्या फळीचा पृष्ठभाग त्याने उखडतो. कवचाच्या फळीवर कंपनीची परवानगी असेल तरच, पंख्यासारखा पसरणारा फवारा लावून, १०० बारपेक्षा कमी दाबाने आणि किमान ३० सेंटीमीटर अंतरावरून वापरावा.

डाग पाहून औषध

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको की डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय औषध लावू नये.

तेल-तुपाचा डाग ताजा असतानाच टिपून घ्यावा आणि गरम पाणी व भांड्याच्या साबणाने धुवावा. मुरल्यावर, विशेषतः बिनकवचाच्या फळीतून, तो निघणे कठीण.

चहा, ओली पाने आणि पानातला कात यांचे तपकिरी डाग, तसेच खुर्चीच्या लोखंडी पायाचा गंज, यांवर ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण चालते. हातमोजे व चष्मा घालावा आणि नंतर भरपूर पाणी मारावे. हे विष आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

हळदीचा डाग साबणाने फिका करून उन्हावर सोडावा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

बुरशीवर अनेकजण घरगुती ब्लीच ओततात. त्याने काळेपणा जातो, पण फळीचा रंगही उडू शकतो. सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात मिसळून लावणे अधिक सुरक्षित. कोणतेही औषध आधी कोपऱ्यात लावून पाहावे. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

सुताराच्या सवयी इथे चालत नाहीत

लाकडावर काम केलेल्या हाताला पॉलिश पेपर आणि तेल यांची सवय असते. इथे दोन्ही नुकसानकारक आहेत. पॉलिश पेपरने कवच फाटते आणि बहुतेक कंपन्यांची हमीही जाते. तेल किंवा वॉर्निश फळीत मुरत नाही, वर चिकट थर होऊन धूळ धरते. तारेचा ब्रश आणि थिनर यांनाही हात लावू नये. रबरी पायपुसणे खाली ठेवल्यास रंग बदलतो; कुंड्यांना खाली पाय द्यावेत, म्हणजे पाणी साचत नाही. कोळशाची शेगडी डेकवर ठेवू नये. आत प्लास्टिक आहे, ते वितळते.

गच्चीवरच्या डेकमध्ये आणखी एक धोका असतो. फळ्यांखाली कचरा जमून गच्चीच्या पाण्याची जाळी बुजते, पाणी तुंबते आणि खालच्या मजल्यावर गळती सुरू होते. मग संपूर्ण डेक उचलण्याची पाळी येते. बसवतानाच जाळीवरचा तुकडा स्क्रू काढून उचलता येईल असा ठेवला तर हे संकट टळते. समुद्रकाठच्या कामाला साधे स्क्रू वापरू नयेत; स्टेनलेस स्टीलमध्येही ३१६ प्रतीचे घ्यावेत, नाहीतर गंजाचे ओघळ फळ्यांवर उतरतात.

वर्षाचा हिशेब

आपल्या हवामानात दोन मोठ्या धुलाया पुरेशा आहेत. मे अखेरीस फटी आणि जाळ्या मोकळ्या कराव्यात. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर शेवाळ व बुरशी धुवावी. पावसाळ्यात सावलीचा भाग महिन्यातून एकदा ब्रशने घासावा, म्हणजे कोणी घसरून पडत नाही. कोकणात व गोव्यात खारी हवा आणि लाल धूळ असल्याने साध्या पाण्याची फेरी अधूनमधून हवीच.

यातच धंद्याची वाट आहे. डेक बसवणारे पुष्कळ झाले, पण नंतर फोन उचलणारे थोडे. ब्रश, बादली, साबण, परकार्बोनेट आणि दोन माणसे एवढ्या भांडवलावर चौरस फुटाच्या दराने वर्षातून दोन फेऱ्यांचा करार होऊ शकतो. ज्या सुताराने डेक बसवला त्यालाच हे काम मिळणे स्वाभाविक आहे. त्याने विचारले मात्र पाहिजे.

दुकानदारानेही बिलावर फळी कवचाची की बिनकवचाची हे स्पष्ट लिहावे आणि धुण्याची रीत मराठीत छापलेला एक कागद सोबत द्यावा. "काहीच करावे लागत नाही" याऐवजी "पॉलिश लागत नाही, वाळवीची फारशी चिंता नाही, पण वर्षातून दोनदा धुवावे लागेल" असे सांगावे. हे ऐकून एखादे गिऱ्हाईक परत जाईलही. पण जे घेईल ते दोन पावसाळ्यांनंतर भांडायला येणार नाही, तर शेजाऱ्याला घेऊन येईल.