मोडीत न गेलेली गाडी

चाळीसगाव ते धुळे ५६ किलोमीटर. पाचोरा ते जामनेर, तेही ५६ किलोमीटर. खानदेशच्या या दोन फाट्यांची लांबी सारखी, नशीब मात्र वेगळं. धुळ्याची लाइन १९०० साली सुरू झाली ती ब्रॉडगेजचीच. कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं, मग वर तारा आल्या आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी तिच्यावर मेमू धावू लागली. जामनेरची ‘पीजे’ अडीच फुटी रुळांवरची. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. तिथे आता ब्रॉडगेज होऊन लाइन बोदवडपर्यंत जायची आहे. शेंदुर्णी-पहूरकडची माणसं त्या छोट्या डब्यांबद्दल घरातल्या माणसासारखी बोलतात. पण ते डबे दुसरीकडे चालवू म्हटलं तरी अडीच फुटी चालू रूळ महाराष्ट्रात उरलेत कुठे? माथेरानची गाडी आहे, तर तिचे रूळ दोन फुटी.

घरातलं जुनं पितळी पातेलं मोडीत घालताना आजी हळहळायची, कारण भांडीवाला फक्त वजन बघायचा. घडणीची, मजुरीची, इतक्या वर्षांच्या वापराची किंमत शून्य. रेल्वेचा डबा भंगारात जातो तेव्हा तेच होतं. म्हणूनच लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका गाडीची गोष्ट मला मोलाची वाटते. ती मोडीला निघाली होती, पण तिची घडण पाहणारा माणूस वेळेवर भेटला.

‘डी-७८’ हे त्या गाडीचं नाव. बर्मिंगहॅमच्या मेट्रो-कॅमेल कारखान्यात ती घडली आणि १९८० पासून लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर धावू लागली. सहा-सहा डब्यांच्या ७५ गाड्या होत्या. पुढे लंडननं डिस्ट्रिक्ट आणि तिच्यासारख्या लाइनींवर एकाच जातीच्या नव्या, वातानुकूलित गाड्या आणायचं ठरवलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये शेवटची डी-७८ सेवेतून उतरली. जुन्या गाड्यांचं मोठं नूतनीकरण होऊन तेव्हा दहाच वर्षं झाली होती. शिवाय सांगाडा ॲल्युमिनियमचा. लोखंडी डबा खालून गंजत जातो आणि एका मर्यादेनंतर त्याला वाचवण्यात अर्थ नसतो. इथे गंजाचा प्रश्नच नव्हता.

हे हेरलं एड्रियन शूटर यांनी. ब्रिटनच्या चिल्टर्न रेल्वेचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते: दार्जिलिंगच्या डोंगरगाडीचं १८८९ चं एक इंजिन त्यांनी मिळवलं आणि स्वतःच्या घराच्या बागेत रूळ टाकून ते वाफेवर चालवलं. निवृत्त यंत्रावर असा जीव असलेल्या माणसाला डेपोत उभ्या डी-७८ गाड्यांत भंगार दिसलं नाही यात नवल नाही. त्यांनी ‘विवारेल’ ही कंपनी काढली आणि जुने डबे विकत घेऊन लाँग मार्स्टनच्या आवारात काम सुरू केलं.

लंडनची भुयारी गाडी बाजूच्या विजेच्या रुळावरून वीज घेते. आडगावच्या लाइनवर तो रूळ नाही, वर तारही नाही. मग गाडीनं वीज आणायची कुठून? विवारेलनं पहिल्यांदा डब्याखाली जनरेटर बसवले, आणि त्यांना इंजिन निवडलं फोर्ड कंपनीचं, पाच सिलिंडरचं, ३.२ लिटरचं. हेच इंजिन रस्त्यावरच्या ट्रान्झिट गाड्यांत असायचं. इंजिन बिघडलं तर गाडी कारखान्यात न्यायची नाही. अख्खा संच खालून काढायचा, दुसरा चढवायचा, गाडी पुन्हा लाइनवर. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की शेजारच्याचं आणून बसवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

सुरुवात मात्र वाईट झाली. ३० डिसेंबर २०१६ रोजी केनिलवर्थजवळ चाचणीत एका जनरेटरनं पेट घेतला. कॉव्हेंट्रीकडे प्रवासी घेऊन चालवायचा बेत त्यामुळे बारगळला. कंपनीनं यंत्रणेची रचना सुधारली आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्लेचली ते बेडफर्ड या आडलाइनवर दोन-दोन डब्यांच्या गाड्या प्रवासी घेऊन निघाल्या. भुयारी गाडीत शौचालय नसतं. इथे ते नव्यानं बसवावं लागलं.

आयल ऑफ वाइट बेटाची कथा तर खास सांगण्यासारखी. तिथली लाइन जेमतेम चौदा किलोमीटरची, आणि राइड गावातला बोगदा इतका बुटका की नेहमीची गाडी त्यात मावत नाही. म्हणून १९६७ पासून बेटावर लंडनच्या निवृत्त भुयारी गाड्याच धावतात. आधीची जात १९३८ ची होती. ती बेटावर १९८९ मध्ये आली आणि थेट जानेवारी २०२१ पर्यंत चालली, म्हणजे वयाच्या ब्याऐंशीपर्यंत. तिच्या जागी १ नोव्हेंबर २०२१ पासून डी-७८ चे नवे अवतार आले. बेटावर विजेचा रूळ आधीपासून असल्यानं तिथे इंजिनाची भानगडच नाही.

पण २०२२ च्या शेवटी विवारेल बुडाली आणि त्याच डिसेंबरात शूटरही गेले. ब्लेचली-बेडफर्डच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या, कारण त्यांची देखभाल तीच कंपनी करत होती. पुढचं जवळजवळ वर्षभर प्रवाशांनी बसनं प्रवास केला. जुन्या गाडीचं कौतुक करताना मी हा भाग कधी वगळत नाही. पुन्हा घडवलेलं यंत्र हे त्याच्या मिस्त्रीच्या भरवशावर असतं. एकाच घराला त्याचं मर्म ठाऊक असेल आणि ते घर उठलं, तर गाडी ठणठणीत असूनही निकामी.

सुदैवानं वेल्समध्ये याच गाड्या एप्रिल २०२३ पासून डिझेल आणि बॅटरीच्या जोडीवर चालू झाल्या. विवारेलचं बॅटरीचं तंत्र ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं विकत घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या बॅटरीवरच्या डी-७८ नं एका चार्जिंगमध्ये २००.५ मैल, म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटर अंतर कापलं, आणि तो विक्रम ठरला. ही पंचेचाळीस वर्षांची गाडी आहे हे वाचून मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या.

आपल्याकडे हे शक्य आहे का? डब्याला दुसरा जन्म देणं आपल्या रेल्वेला नवं नाही. भुसावळ-मनमाड मार्गावर मालगाडीत कधी खिडक्या पत्र्यानं बुजवलेले प्रवासी डबे दिसतात. वय झालेल्या आयसीएफ डब्यातली बाकं-पंखे काढून, टोकाला दारं करून त्यांतून मोटारी वाहतात. मेट्रोचं मात्र गेजवर अडतं. मुंबई, पुणे, नागपूर या तिन्ही मेट्रो स्टँडर्ड गेजच्या, त्यांची गाडी धुळ्याच्या रुळांवर चढणारच नाही. कोलकात्याची पहिली मेट्रो लाइन ब्रॉडगेजची. पण तिला बाजूच्या रुळातून ७५० व्होल्ट लागतात, आणि तिच्या पहिल्या पिढीच्या बिनएसी गाड्या २०२१ मध्ये निवृत्तही झाल्या.

राहता राहिली दिल्ली. तिच्या पहिल्या लाइनींचे रूळ ब्रॉडगेज आहेत आणि वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत. चाळीसगाव-धुळ्याच्या तारेतही तेवढेच. अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. मेट्रोला फाटक नसतं, समोर मालगाडी नसते, पायऱ्या नसतात. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर इथल्या फलाटांवर उतरायचं तर दारं आणि पायऱ्या नव्यानं घडवाव्या लागतील, आणि चालकाच्या केबिनला जास्त मजबुती लागेल.

‘शहराचं उष्टं खानदेशाला का?’ असं कोणी विचारलं तर तो राग मला समजतो. मीही याच भागातला आहे. पण धुळ्याहून चाळीसगावला मेनलाइनची गाडी पकडायला निघालेला माणूस डब्याच्या जन्मतारखेकडे बघत नाही. दिवसातून फेऱ्या किती, आणि एक चुकली तर पुढची केव्हा, हे तो बघतो. जुन्या डब्यांमुळे त्या वाढत असतील तर मी ते आनंदानं घेईन. नव्या गाड्या लांबवायची सबब म्हणून कोणी ते देत असेल तर नको.

मनमाड-इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या लाइनला केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती होईल तेव्हा इथल्या छोट्या स्टेशनांना छोट्या गाड्या लागतीलच. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या २००२ च्या. त्यांची उतरायची वेळ येईल तेव्हा त्यांना काट्यावर चढवण्याआधी कोणीतरी टेप घेऊन त्यांच्या दाराची उंची मोजावी, आणि मग शिरूडच्या फलाटाचीही.