तीन तारे : निरीक्षक की कॅप्टन?

परभणीतील पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे असतात, लष्करातील कॅप्टनच्याही तीनच. तरीही ही पदे समकक्ष नव्हेत. निरीक्षकाच्या ताऱ्यांलगत लाल-निळी फीत असते, कॅप्टनच्या नसते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलातही फीत असलेला निरीक्षक, तर फीत नसलेला सहायक समादेशक. म्हणजेच चिन्हाने कॅप्टन व पोलीस उपअधीक्षकाच्या बरोबरीचा. दलाचा समादेशक कर्नलप्रमाणे अशोकचिन्ह व दोन तारे लावतो. जिल्हा पोलीस अधीक्षकाला दुसरा तारा निवडश्रेणीनंतरच मिळतो. अर्थात चिन्हे जुळली तरी अधिकार जुळतातच असे नाही.

शिपाई भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या अनेक पदवीधरांना हे ठाऊक नसते, की सहायक समादेशकपदासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची थेट परीक्षा असते.