नाम पुढे, श्वास मागे

जपाला नव्याने बसणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच एक अडचण येते. डोळे मिटून नाम सुरू केले की लक्ष श्वासाकडे जाते, आणि लक्ष गेले की इतका वेळ सुरळीत चाललेला श्वास अवघडतो. मग प्रश्न उभा राहतो. नाम श्वासात बसवायचे, श्वास नामाच्या मापाने घ्यायचा, की दोघांना आपापल्या वाटेने जाऊ द्यायचे? प्रश्न लहान दिसतो, पण याच ठिकाणी अडून जप सोडून देणारे पुष्कळ आहेत. म्हणून आपल्या परंपरांनी याबद्दल काय सांगितले आहे ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

नागपुरात यासाठी फार फिरावे लागत नाही. धंतोलीतला रामकृष्ण मठ १९२८ पासून आहे. स्वामी भास्करेश्वरानंदांनी तो उभा केला. मराठी आणि हिंदी प्रकाशनांसाठी विदर्भाबाहेरही तो ओळखला जातो. ‘जीवन-विकास’ हे त्याचे मराठी मासिक १९५७ पासून निघते आहे. मठाच्या ग्रंथविक्री केंद्रात स्वामी विवेकानंदांचा ‘राजयोग’ मिळतो आणि तिथेच श्रीसारदादेवींचे उपदेशही मिळतात. पहिल्यात श्वास मोजून त्याला ॐकार जोडायला सांगितले आहे. दुसऱ्यात प्राणायामाच्या फार मागे लागू नका, असे बजावले आहे. दोन्ही एकाच गुरूच्या, श्रीरामकृष्णांच्या, घरातले. हा विरोध आहे की माणूस पाहून दिलेले वेगवेगळे औषध आहे, हे ठरवण्याआधी बरेच मागे जायला हवे.

मंत्र आणि श्वास यांची सर्वांत जुनी, घराघरात पोचलेली गाठ संध्यावंदनात आहे. मुंज झालेल्या मुलाला शिकवला जाणारा प्राणायाम म्हणजे नुसते नाक दाबणे नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याची व्याख्या आहे : प्रणवासह सात व्याहृती, मग गायत्री आणि शेवटी गायत्रीशिरस्, हे सगळे प्राण रोखून तीनदा म्हटले की एक प्राणायाम झाला. हा मजकूर सुमारे साठ अक्षरांचा आहे. तीनदा म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास अक्षरे, आणि तीही एका रोखलेल्या श्वासात, मनातल्या मनात. घड्याळ नसलेल्या काळात मंत्र हेच घड्याळ होते. श्वास किती वेळ धरायचा ते मंत्र सांगे आणि मंत्र घाईत उरकला तर श्वासही आखूड होई. पुढे घेरंडसंहितेने बीजमंत्रासह केलेल्या प्राणायामाला सगर्भ आणि मंत्राविना केलेल्याला निगर्भ अशी नावे दिली. पूरक म्हणजे श्वास घेणे सोळा मात्रा, कुंभक म्हणजे रोखणे चौसष्ट, रेचक म्हणजे सोडणे बत्तीस असे प्रमाणही बांधून दिले. आज बहुतेक घरांत या विधीतले नाकाला बोटे लावणे तेवढे उरले आहे. मात्र चौसष्ट मात्रांचा कुंभक घरच्या घरी करून पाहण्यापेक्षा बोटे लावून थांबलेले बरे, असे मी स्पष्टच म्हणेन. ही वाट समोर बसलेल्या गुरूची आहे, पुस्तकाची नाही.

दुसरी वाट नाथांची. तिथे श्वासाला काहीच करायचे नसते. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हम्’ हा नाद आपोआप चाललेलाच आहे, साधकाने तो फक्त ऐकायचा. न जपता होणारा म्हणून तो अजपाजप. गोरक्षनाथांच्या नावावरच्या ग्रंथांत आणि योगचूडामणीसारख्या उपनिषदांत त्याची दिवसरात्रीची संख्या दिली आहे : २१,६००. आकडा गूढ वाटतो, पण हिशेब सरळ आहे. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, चोवीस तासांना एकवीस हजार सहाशे. म्हणजे एक श्वास चार सेकंदांचा. आजचे डॉक्टर स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या श्वासांचा जो वेग सांगतात, त्यात पंधरा हा आकडा नीट बसतो. १०८ मण्यांच्या बरोबर दोनशे माळा होतात, हेही मांडणाऱ्यांच्या ध्यानात असणारच.

आदिनाथांपासून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ असा हा धागा ज्ञानदेवांपर्यंत आला आणि महाराष्ट्रात रुजला. विसाव्या शतकात रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी हीच सोऽहं साधना शांतपणे, कसलाही गाजावाजा न करता शेकडो संसारी माणसांना दिली. आजारपणाने खंगलेल्या देहात, एका खोलीत राहून त्यांनी ती अखेरपर्यंत चालवली. ज्याला उठून आसनही घालता येत नाही त्यालाही ही साधना जमते, याचा त्याहून मोठा दाखला नको. इथे मंत्र श्वासाचे माप काढत नाही. श्वासच मंत्र होतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या सतराव्या दशकातला पाचवा समास अजपानिरूपणालाच वाहिला आहे. तोच एकवीस हजार सहाशेचा आकडा तिथे आहे. हे सगळ्यांच्याच ठिकाणी घडते, जाणणारा मात्र विरळा, असा त्यांचा रोख आहे. आता याच समर्थांची दुसरी साधना पाहा. नाशिकजवळ टाकळीला नंदिनीच्या पाण्यात उभे राहून बारा वर्षांत त्यांनी त्रयोदशाक्षरी रामनामाचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. तेरा कोटींना बारा वर्षांच्या दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे तीस हजार नाम येते. एका श्वासाला एक नाम असा नियम धरला आणि श्वास चार सेकंदांचा मानला, तर तीस हजार नामांना तेहेतीस तास लागतील. दिवस चोवीस तासांचा. रोज बारा तास जप झाला असे मानले तरी एक नाम दीड सेकंदाच्या आत व्हायला हवे, म्हणजे एका श्वासात जवळजवळ तीन.

आकडा भक्तीने वाढला असेल असे कोणी म्हणेल. म्हणू दे. पण ज्यांनी तो जपून ठेवला ते रोज माळ ओढणारे लोक होते. एका दिवसात किती नाम होते हे त्यांना अंगाने ठाऊक होते. त्यांना तो आकडा अशक्य वाटला नाही, कारण त्यांच्या जपात नाम श्वासाला बांधलेले नव्हतेच. ते श्वासाच्या अंगावरून वाहत होते. अजपा समजावणारे आणि तेरा कोटींचा जप करणारे समर्थ एकच आहेत, पण या दोन वेगळ्या साधना आहेत. आज अनेकांचा घोळ होतो तो इथेच. सोऽहंसाठी सांगितलेला नियम ते रामनामाला लावतात. तेरा अक्षरे एका श्वासात ताणून बसवतात. मग धाप लागते, डोके जड होते आणि आपल्याला जप जमत नाही, असा निष्कर्ष काढून ते उठतात.

हाच हिशेब श्रीसारदादेवींच्या उपदेशाला लावून पाहा. मन स्थिर व्हायला रोज पंधरा ते वीस हजार जप करावा, असे त्यांनी काही शिष्यांना सांगितले होते. श्वासाला एक या दराने पंधरा हजारांना पावणेसतरा तास लागतील. त्यांच्यापुढे बसणारे पुष्कळ लोक नोकरीधंदा करणारे, लेकुराळे होते. सेकंदाला एक या गतीने तोच जप चार तासांच्या थोडा वर होतो. तेही सोपे नाही, पण सकाळ-संध्याकाळ आणि कामाच्या फटींत मिळून होण्यासारखे आहे. प्राणायाम थोडा करावा, फार केला तर डोके तापते, आणि मन आपोआप शांत होत असेल तर त्याची गरजच काय, हे त्यांचे म्हणणे या संख्येशी जुळणारे आहे. श्रीरामकृष्णांचेही सांगणे तेच : प्रेमाने मन एकाग्र झाले की कुंभक आपसूक होतो. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनी घरोघर पोचवलेल्या नामालाही आसन, वेळ किंवा श्वास यांची अट नाही.

मग विवेकानंदांचा ‘राजयोग’ काय करतो? हे पुस्तक १८९६ साली निघाले. त्याच्या मुळाशी परदेशातल्या श्रोत्यांपुढे दिलेली व्याख्याने आहेत. ज्यांना जन्मतः कोणते नाम मिळालेले नव्हते, असे ते श्रोते. त्यांना स्वामीजींनी पहिला धडा दिला तो सम श्वासाचा. तालात घ्या, तालात सोडा, आणि एक-दोन-तीन मोजण्याऐवजी ॐ किंवा दुसरा एखादा पवित्र शब्द मनात म्हणा. श्वास रोखण्याचा भाग नंतर येतो, तोही मोजक्या सेकंदांचा. ज्याच्या हाती नाम नाही त्याला श्वासापासून सुरुवात करून द्यायची आणि ज्याच्याकडे नाम आहे त्याला श्वासात अडकू द्यायचे नाही, असा मी या दोन उपदेशांचा मेळ लावतो. मठात दीक्षा घेणाऱ्याला मिळणाऱ्या सूचना गुरू-शिष्यांपुरत्या असतात. त्याबद्दल बाहेरच्याने बोलू नये. इथे छापील उपदेशांपुरतेच म्हणतो आहे.

मोठ्याने म्हटलेल्या नामाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती आपण कमी लेखतो. मनुस्मृतीने वाचिक म्हणजे मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशू म्हणजे ओठांतल्या ओठांत केलेला आणि उपांशूपेक्षा मानस श्रेष्ठ ठरवला. त्यामुळे मोठ्याने म्हणणे म्हणजे बालवर्ग, असा समज पसरला. शरीराच्या बाजूने पाहिले तर वाचिक जपाइतका सोपा श्वासाभ्यास दुसरा नाही. माणूस बोलतो तो श्वास सोडताना. ओळ लांब असली की उच्छ्वास आपोआप लांबतो, ओळ संपली की श्वास झटकन आत येतो. उच्छ्वासात हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि उच्छ्वास लांबला की ती मंदावलेली वेळ वाढते. कुणी काही शिकवावे लागत नाही.

समूहात तर ही व्यवस्था आणखी पक्की होते. धंतोलीच्या मठात संध्याकाळी विवेकानंदांनी रचलेल्या आरतीचे सूर लागतात, तेव्हा शेजारच्याच्या आवाजाने आपला श्वास सांभाळला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या खेड्यापाड्यांत नेली. त्यांच्या खंजिरी भजनात पुढच्याने चरण म्हणायचा, मागच्यांनी उचलायचा. पुढचा म्हणतो तेवढ्यात मागचे श्वास भरून घेतात.

इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास आला. त्यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ असा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया या वेगाला अधिक तत्पर होते, असेही दिसले. त्या ख्रिस्ती प्रार्थनेतही अर्धा भाग धर्मगुरू म्हणतो, अर्धा समुदाय. दहा सेकंदांत एक आवर्तन पुरे होते. मोझरीच्या भजनाची रचना आणि ही रचना एकाच कुळातली आहे. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी दाखवले की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण मुकाट श्वासाच्या पंधरापट होते. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. ॐकारातला लांबवलेला मकार म्हणजे असेच गुणगुणणे. मात्र या अभ्यासांतून मंत्राचे सामर्थ्य सिद्ध झाले, असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवावे. त्यांनी श्वास, रक्तदाब आणि वायू मोजले. नामाने आत काय होते ते त्यांच्या मोजमापात नव्हते आणि तसा त्यांचा दावाही नाही.

रोजच्या बैठकीसाठी यातून जे निघते ते थोडके आहे. दोन-चार अक्षरांचा मंत्र असेल आणि तो सहज श्वासावर बसत असेल तर बसू द्यावा. तेरा अक्षरी नाम अनेक जण अर्धे श्वासाबरोबर, अर्धे उच्छ्वासाबरोबर घेतात. तेही चालते, पण ताण जाणवला की ते बंधन सोडून द्यावे. एका श्वासाला एक नाम असेल तर माळेला सात मिनिटे लागतात. मन रमले की तीच माळ पावणेतीन मिनिटांत होते. म्हणून पहिली खरी आणि दुसरी खोटी ठरत नाही. गायत्रीसारखा चोवीस अक्षरांचा मंत्र चार सेकंदांच्या श्वासात कोंबू नये. तो सावकाश, स्पष्ट, उच्छ्वासावर म्हणावा. आणि सुरुवातीला मन फारच धावत असेल तर पाच मिनिटे मोठ्याने म्हणून मग मनात उतरावे. त्यात कमीपणा नाही.

धंतोली आता रुग्णालयांची वस्ती झाली आहे. तिथल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांत जपाला बसणारे आणि हृदयावरचे औषध घेणारे बहुधा एकच असतात. त्यांना एवढेच विनवून सांगायचे : रक्तदाब, हृदयविकार, दमा असेल किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखण्याचा कोणताही प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चक्कर, धडधड किंवा डोक्यात जडपणा आला तर श्वासाकडे पाहणे त्याच क्षणी थांबवा आणि जप तेवढा चालू ठेवा.