नाव तेच, पोटात काय?

सिद्धारूढ स्वामींच्या दर्शनास गोव्याहून निघालेला भाविक हुबळीस उतरतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते नगर अधिकृतपणे ‘हुब्बळ्ळी’ झाले. पुढे स्थानकालाही स्वामींचे नाव लाभले. रेल्वेची ‘यूबीएल’ ही खूण मात्र कायम राहिली. नावे बदलली, पण स्थानक तेच. म्हणून प्रवासी चुकत नाही. संगणकाच्या राज्यात नेमके उलट घडते. तेथे नाव तेच राहते आणि आतला ऐवज बदलतो.

१९ जुलै २०२४ रोजी ‘सी-०००००२९१’ अशी नावाची सुरुवात असलेल्या एका फाइलने क्राउडस्ट्राइकची सुरक्षाप्रणाली वापरणारे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानप्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास पडले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ची प्रत सदोष, १०.५७ ची निर्दोष. नावाची सुरुवात मात्र दोहींची एकच! बिघडलेल्या अनेक यंत्रांपुढे माणसाने बसून ती फाइल हाताने पुसावी लागली.

आम्ही यंत्राचे विरोधक नव्हे. परंतु औषधाच्या बाटलीवर घटक आणि मुदत छापण्याचे बंधन आहे. मग आपल्या मोबाइलमध्ये रातोरात उतरणाऱ्या दुरुस्तीने काय बदलले, हे धारवाडात कन्नडमधून आणि पणजीत मराठी-कोकणीतून दोन ओळींत का सांगू नये? आकड्यांचे कोडे सोडविणे हे नागरिकाचे कर्तव्य नव्हे. ते उलगडून सांगणे हे कोडे घालणाऱ्याचे आहे.