खिडकी पावसाळ्यात का अडकते?

शहागंजसारख्या जुन्या वस्तीतील सागवानी खिडक्यांची झडप पावसाळ्यात चौकटीत अडकते. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते. तंतूंच्या दिशेने नगण्य, आडव्या दिशेने मात्र बरेच. म्हणून पावसाळ्यात रंधा मारू नये. उन्हाळ्यात तेथे फट पडते.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ते कुजवणारी बुरशी वाढत नाही. कुजते ती बहुधा पाणी साचणारी खालची पट्टी. वीतभर लाकूड कुजले म्हणून अख्खी खिडकी भंगारात कशाला? तेवढाच भाग कापून, तंतूंची दिशा जुळवून सुका सागवानी तुकडा सांधावा.

वर्गात फळीचा तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवा. आधी-नंतर लांबी-रुंदी मोजा. कोणते माप अधिक वाढले?