विस्तव न लावता तापणारा ढीग

दोस्तांनो, नेरच्या आसपास राहता आणि उकिरडा पाहिला नाही, असं होणारच नाही! शेण, सोयाबीनचं कुटार, भाजीची देठं, सगळं तिथं जाऊन पडतं. हिवाळ्यात भल्या सकाळी कुणी फावड्यानं तो उकरला, की आतून चक्क वाफ निघते. विस्तव तर कुणी लावला नाही, मग ढीग तापला कसा?

ही करामत जिवाणूंची. चिमूटभर मातीतही ते कोट्यवधी असतात. पालापाचोळा खाताना त्यांच्यातून उष्णता बाहेर पडते. एकट्याची ऊब ती केवढी! पण ओल आणि हवा नीट मिळाली, की ते झपाट्यानं वाढतात आणि ढिगाच्या पोटातलं तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. त्या धगीत तणाचं बी आणि पुष्कळसे रोगजंतू मरतात. मागे उरतं काळंभोर, भुसभुशीत खत.

आता दुसरं नवल. मातीतून आलेलं मातीला परत द्यायचं, आपलं अन्न आपल्या हातांनी पिकवायचं आणि उरलेला वेळ प्रार्थनेत, चिंतनात घालवायचा, असं कुणी आयुष्यभरासाठी ठरवलं तर? अशी जागा आपल्यापासून फार लांब नाही. नेरहून यवतमाळ, तिथून वर्धा आणि वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर पवनार. इथं धाम नदीच्या काठी १९३८ साली विनोबा भावे राहायला आले. तब्येत पार खालावलेली होती, तरी त्यांनी जमीन खणायला घेतली. खणता खणता एकदा मातीतून राम-भरत भेटीचं प्राचीन शिल्प वर आलं! ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

पुढे विनोबा खांद्यावर फावडं घेऊन जवळच्या सुरगावला रोज सफाईला जाऊ लागले. तेव्हा लोक उघड्यावर शौचाला बसत. विनोबा त्या मैल्यावर माती टाकत. एवढ्यानं काय होतं? माती पडली की माश्या बसत नाहीत, दुर्गंधी दबते आणि जिवाणूंचं काम सुरू होतं. पुरेसे महिने कुजू दिलं, तर त्याच घाणीचं सोनखत होतं.

१९५० साली त्यांनी आणखी धाडस केलं. प्रयोगाचं नाव कांचनमुक्ती, म्हणजे पैशावाचून जगून पाहणं. बैल न जुंपता हातांनी शेती करायची आणि विहिरीवरचा रहाटही माणसांनीच फिरवायचा.

मग १९५९ मध्ये विनोबांनी पवनारच्या याच आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. इथं साधना करणाऱ्या स्त्रिया बहिणींसारख्या एकत्र राहतात. प्रार्थना, अभ्यास, शेती, गाईंची देखभाल, सूतकताई, स्वयंपाक, सफाई, सगळं त्याच करतात. कुठलंच काम हलकं नाही. आणि गंमत म्हणजे इथं कुणी प्रमुख नाही! एखादी गोष्ट ठरवायची तर सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकीला जरी पटलं नाही, तरी पुन्हा बोलायचं.

प्रार्थना आणि कष्ट यांची अशी जोडी जगात आणखीही कुठे आहे का? आहे! सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाचे संत होऊन गेले. मोंते कॅसिनोच्या डोंगरावर त्यांनी मठ वसवला आणि ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. रोज ठरावीक वेळी प्रार्थना, ठरावीक वेळी वाचन आणि ठरावीक वेळी अंगमेहनत. मठातली अवजारंसुद्धा पूजेच्या भांड्यांसारखी जपायची, असंही त्यांनी बजावलं. त्यांच्या वाटेनं जाणारे मठ आजही जगभर आहेत. धर्म वेगळा, देश वेगळा, मध्ये जवळजवळ चौदाशे वर्षांचं अंतर. तरी प्रार्थना करणाऱ्या हातांनी कुदळही धरावी, हे दोन्हीकडे सारखंच. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण जो स्वतः पिकवतो, त्याला एका भाकरीमागे किती माती, पाणी आणि घाम लागतो ते नेमकं कळतं, आणि मग तो काहीच वाया घालवत नाही.

चला, आता तुमची पाळी. मोठ्यांना विचारून वावराच्या धुऱ्याजवळ वीतभर खोल पाच खड्डे करा. एकात तुरीचा पाला, दुसऱ्यात केळीचं साल, तिसऱ्यात पऱ्हाटीचा तुकडा, चौथ्यात सुती चिंधी आणि पाचव्यात बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन पुरा. प्रत्येकावर खुणेची काडी रोवा आणि अधूनमधून पाणी शिंपडा. महिन्यानं उकरून पाहा. कोण ओळखू येईनासं झालं, कोण अर्धवट राहिलं आणि कोण जसंच्या तसं निघालं, ते वहीत लिहा. वेष्टन मात्र परत पुरू नका हं!

मग ती वही घेऊन घरी सगळ्यांसोबत बसा. मातीला जे पचत नाही, त्यातलं काय काय घरात आणणं थांबवता येईल, ते ठरवा. आणि ठरवताना पवनारची रीत पाळा: सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं, धाकट्या भावंडालासुद्धा!