इंग्लंडमधील प्राचीन वन आणि त्याचा ग्रामीण परिसर : हेली वनाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : इंग्लंडमधील 'प्राचीन वन' ही संकल्पना इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल या तीनही विद्याशाखांच्या सीमेवर उभी आहे. प्रस्तुत लेखात केंब्रिजशायर परगण्यातील हेली वन आणि सफोकमधील ब्रॅडफील्ड वने यांच्या आधारे या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट केला आहे. अशा वनास व त्याच्या भोवतालच्या परिसरास भेट देणाऱ्या अभ्यासकाने कोणत्या खुणा पाहाव्यात आणि त्या खुणांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात, याचे विवेचन केले आहे. या वनांपुढील आजच्या संकटांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्राचीन वन, खोडफूट पद्धती, वनसीमेचा बांध, सूचक वनस्पती, देवराई.

प्रस्तावना

वन म्हणजे मानवाचा हात न लागलेली भूमी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संस्कृत काव्यातील अरण्य, पुराणांतील तपोवन आणि आधुनिक काळातील अभयारण्य यांच्यामागे ही समजूत कमीअधिक प्रमाणात आढळते. इंग्लंडमधील प्राचीन वने मात्र या समजुतीला छेद देतात. आठ-नऊशे वर्षे माणसाने ज्या वनातून सातत्याने लाकूड तोडून नेले, तीच वने आज तेथील जैवविविधतेची सर्वांत समृद्ध स्थाने आहेत. आणि ज्या वनांचा उपयोग संपला, ती नामशेष होण्याच्या मार्गाला लागली. या वरकरणी विसंगत वाटणाऱ्या वस्तुस्थितीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'प्राचीन वन' म्हणजे काय ?

इंग्लंडमध्ये ज्या भूमीवर इ. स. १६०० पासून आजतागायत अखंडपणे वन आहे, त्या वनास 'प्राचीन वन' असे म्हणतात. स्कॉटलंडसाठी हे वर्ष १७५० असे धरले जाते. येथे 'प्राचीन' हे विशेषण वृक्षांना नव्हे, तर वनाला लावलेले आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. वनातील एखादा वृक्ष वीस वर्षांचाही असू शकतो. परंतु त्याच्या मुळाखालची माती कित्येक शतके नांगराखाली गेलेली नसते. १६०० पूर्वी वृक्षलागवड करून नवे वन निर्माण करण्याची प्रथा फारशी नव्हती. त्यामुळे त्या वर्षी अस्तित्वात असलेले वन बहुधा त्याहूनही कितीतरी जुने असावे, हे या कालमर्यादेमागील तर्कशास्त्र आहे.

या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी प्रामुख्याने ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) आणि जॉर्ज पीटरकेन या दोन अभ्यासकांनी केली. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाशी निगडित असलेले रॅकहॅम हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. परंतु मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांचे वाचन आणि प्रत्यक्ष क्षेत्रीय निरीक्षण यांची सांगड घालणे हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य ठरले. हेली वनाच्या इतिहासावर व परिस्थितिकीवर त्यांनी १९७५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. एका लहानशा वनाचा इतका सर्वांगीण अभ्यास क्वचितच झाला असेल.

हेली वन : स्थान व पूर्वपीठिका

हेली वन केंब्रिज शहराच्या पश्चिमेस, लिटल ग्रॅन्सडेन व लाँगस्टो या खेड्यांच्या परिसरात आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० हेक्टर आहे. हिमयुगातील हिमस्तरांनी आणून टाकलेल्या चिकट, चुनखडीयुक्त मातीच्या सपाट पठारावर ते वसलेले आहे. ही माती हिवाळ्यात व वसंत ऋतूत पाण्याने तुडुंब भरलेली असते. नांगरटीस अवघड अशी ही जमीन वनासाठी राखली गेली, यात नवल नाही.

इलीच्या बिशपच्या जहागिरीची जी पाहणी १२५१ मध्ये झाली, तिच्यात या वनाची नोंद आढळते. वनाचे क्षेत्रफळ त्या काळीही मोजून एकरांत नोंदविले गेले होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वन ही बेवारस पडीक जमीन नव्हती. ती मालकी असलेली, मोजलेली, उत्पन्न देणारी मालमत्ता होती. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या भूमिपाहणीच्या आधारे रॅकहॅम यांनी असा अंदाज केला, की त्या वेळी इंग्लंडच्या सुमारे १५ टक्के भूमीवरच वन होते. म्हणजेच घनदाट अरण्याने व्यापलेले मध्ययुगीन इंग्लंड हे चित्र कल्पनारम्य साहित्याने दिलेले आहे. इतिहासाला ते मान्य नाही.

१९६२ मध्ये स्थानिक निसर्गसंरक्षण न्यासाने हेली वन विकत घेतले. बेडफर्डशायर, केंब्रिजशायर व नॉर्थॅम्प्टनशायर या परगण्यांसाठीचा वन्यजीव न्यास आज त्याची व्यवस्था पाहतो.

वनसीमेवरील खुणा

प्राचीन वनास भेट देणाऱ्याने प्रथम वनाच्या आत न शिरता त्याच्या कडेने चालावे. मध्ययुगीन वनाभोवती मातीचा रुंद बांध व त्याच्या बाहेरील अंगास चर असतो. चर बाहेर आणि बांध आत, ही रचना सहेतुक आहे. शेजारच्या शेतांतील व कुरणांतील गुरे आत शिरून कोवळे फुटवे खाऊ नयेत, यासाठी ती केलेली होती. शेकडो वर्षांच्या पावसाने बांध गोलसर झाले असले, तरी हिवाळ्यात पानगळीनंतर ते स्पष्ट दिसतात.

दुसरी खूण म्हणजे सीमेचा आकार. प्राचीन वनाची सीमा सहसा वाकडीतिकडी, कोनाकोनांची असते. पूर्वीच्या एखाद्या शेताला वळसा घालताना किंवा एखादा तुकडा शेतीसाठी तोडला जाताना तिला हे वळण मिळालेले असते. सरळ रेषेत आखलेली कडा आढळल्यास ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील समजण्यास हरकत नाही.

हेली वनाच्या लगतून बेडफर्ड-केंब्रिज लोहमार्ग १८६२ मध्ये गेला. १९६७ च्या अखेरीस त्यावरील प्रवासी वाहतूक बंद झाली. लोहमार्ग आणि वन यांच्या मध्ये सापडलेला एक त्रिकोणी तुकडा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीतून सुटला आणि त्यावर आपोआप झाडी वाढली. अभ्यासकाच्या दृष्टीने हा तुकडा अनमोल आहे. जुने वन आणि नवे वन यांची तुलना करण्याची नैसर्गिक प्रयोगशाळाच तेथे उपलब्ध झाली. नव्या तुकड्यात ओकचे वृक्ष लवकर उभे राहिले. परंतु लगतच्या जुन्या वनातील भूस्तरीय फुले तेथे अतिशय मंद गतीने सरकत गेली. वृक्ष म्हणजे वन नव्हे, हा धडा येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

खोडफूट पद्धती

उसाचे पीक तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा खोडवा घेतला जातो, हे महाराष्ट्रातील प्रत्येकास ठाऊक आहे. इंग्लंडमधील वनांचे व्यवस्थापन शतकानुशतके याच तत्त्वावर चालले. ॲश, हेझल, मेपल यांसारखे वृक्ष जमिनीलगत तोडले असता त्यांच्या बुंध्यातून अनेक सरळ फुटवे जोमाने वाढतात. काही वर्षांच्या फेरीने ते तोडले, की पुन्हा नवे फुटवे येतात. वनाचे विभाग पाडून दरवर्षी एकेका विभागाची तोड होत असे. या फुटव्यांमध्ये काही ओक वृक्ष मात्र इमारती लाकडासाठी उंच वाढू दिले जात.

सरपण, कोळसा, अवजारांचे दांडे, मेंढ्यांच्या वाड्याचे ताटवे आणि कुडाच्या भिंतींच्या काठ्या हे सारे या फुटव्यांतून मिळे. पूर्व इंग्लंडमधील खेड्यांत आजही उभी असलेली जुनी लाकडी घरे पाहिली, की सांगाडा ओकचा आणि त्यामधील कूड फुटव्यांचा व मातीने लिंपलेला, असे वनातील दोन्ही प्रकारच्या लाकडांचे दर्शन एकाच भिंतीत घडते.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे सफोकमधील ब्रॅडफील्ड वने. ही वने बरी सेंट एडमंड्स येथील मठाच्या मालकीची होती आणि १२५२ पासून त्यांतील तोडीचा इतिहास ज्ञात आहे. तेथील ॲशचा एक बुंधा सुमारे साडेपाच मीटर रुंद असून त्याचे वय किमान हजार वर्षे असावे, असे रॅकहॅम यांचे अनुमान होते. एरवी ॲश वृक्ष दोन-तीनशे वर्षांत मरतो. तोडीने त्याचे आयुष्य घटत नाही, ते वाढते. ब्रिटिश अमलातील भारतीय वनखात्याच्या कार्य आयोजनांतही खोडफुटीची ही पद्धत वापरली गेली, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

फुलांची साक्ष

तोडीमुळे वनाच्या जमिनीवर प्रकाश येतो आणि पुढील एक-दोन वसंतांत तेथे फुलांचा बहर उसळतो. नंतर फुटवे दाट होतात, सावली परतते आणि फुले पुढील फेरीची वाट पाहतात. हेली वनाची ख्याती ऑक्सलिप या फिकट पिवळ्या फुलासाठी आहे. ब्रिटनमध्ये ही वनस्पती जवळजवळ पूर्णतः सफोक, एसेक्स व केंब्रिजशायर यांच्या सीमाभागातील चिकणमातीच्या जुन्या वनांपुरती मर्यादित आहे. ऑक्सलिप साधारणतः एप्रिलमध्ये, तर ब्लूबेलचा निळा गालिचा एप्रिलअखेर व मे महिन्यात पाहावयास मिळतो.

ज्या वनस्पती नव्या वनात सहजी पसरत नाहीत, त्यांची उपस्थिती वनाच्या प्राचीनतेची निदर्शक मानली जाते. त्यांना 'सूचक वनस्पती' म्हणतात. एकच जाती आढळली म्हणून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अनेक सूचक जाती, बांध, सीमेचा आकार आणि दस्तऐवज यांची परस्परपूरक साक्ष घ्यावी लागते. याउलट वनात एखाद्या ठिकाणी खाजकुयलीसारखी आग करणारी नेटलची झुडपे दाट असतील, तर तेथील मातीत फॉस्फेट अधिक आहे आणि कदाचित पूर्वी तेथे वस्ती होती, असा तर्क करता येतो.

भोवतालचा परिसर

वनाबाहेरील भूप्रदेशही असाच वाचता येतो. या भागातील अनेक शेतांच्या कडांना झुडपांची जिवंत कुंपणे आहेत. सरळ रेषेतील, केवळ हॉथॉर्नची कुंपणे ही सामान्यतः १७५० ते १८५० या काळात संसदेच्या कायद्यांनी सामाईक शेतजमिनींची वाटणी झाली, तेव्हाची असतात. वळणावळणाची आणि अनेक जातींची कुंपणे त्याहून जुनी. मॅक्स हूपर या शास्त्रज्ञाने असा ठोकताळा सांगितला, की कुंपणाच्या तीस यार्ड लांबीत वृक्ष-झुडपांच्या जितक्या जाती, तितकी त्या कुंपणाच्या वयाची शतके. हा नियम स्थूल आहे आणि त्याला अपवाद पुष्कळ आहेत. तथापि प्राथमिक अंदाजासाठी तो उपयुक्त ठरतो.

परक्या देशातील अभ्यागतास सर्वांत विस्मयकारक वाटते ती सार्वजनिक पाऊलवाटांची व्यवस्था. खाजगी शेतांतून जाणाऱ्या या वाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. १९४९ च्या कायद्याने या वाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे स्थानिक शासनांवर बंधनकारक केले. इंग्लंड व वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटांची एकूण लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. सामान्य नागरिक या वाटांनी वनापर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच वनाचा प्रश्न हा त्याचाही प्रश्न बनतो.

ऱ्हास आणि आजची संकटे

एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाने स्वस्त दगडी कोळसा खेड्यापाड्यांत पोहोचविला आणि सरपणाची गरज ओसरली. पहिल्या महायुद्धातील लाकडाच्या टंचाईनंतर १९१९ मध्ये वनआयोगाची स्थापना झाली. त्वरित वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीवर भर देण्यात आला. १९३० च्या दशकापासून पुढील सुमारे पन्नास वर्षांत इंग्लंडमधील प्राचीन वनांपैकी जवळजवळ निम्मे क्षेत्र शेतीसाठी साफ झाले किंवा सूचिपर्णी लागवडीखाली गेले. ब्रॅडफील्ड वनांचाही मोठा भाग असाच नष्ट झाला; उरलेला भाग १९७० मध्ये संरक्षणासाठी विकत घेतला गेल्याने वाचला. १९८१ मध्ये प्राचीन वनांची सूची करण्यास प्रारंभ झाला आणि १९८५ मध्ये रुंदपर्णी वनांविषयीचे शासकीय धोरण बदलले. आज ब्रिटनच्या एकूण भूभागापैकी सुमारे अडीच टक्के भूमीवरच अशी वने उरली आहेत.

इंग्लंडच्या नियोजन धोरणात प्राचीन वन हे 'भरून न निघणारे अधिवासस्थान' मानले जाते, आणि २०१८ पासून 'सर्वस्वी अपवादात्मक कारण' असल्याशिवाय त्याच्या नाशास परवानगी मिळू नये, असा दंडक आहे. परंतु अपवाद घडतात. लंडन-बर्मिंगहॅम दरम्यानच्या एचएस-२ या अतिजलद लोहमार्गासाठी काही प्राचीन वनांचे भाग तोडले गेले आणि तेथील माती उचलून अन्यत्र पसरविण्यात आली. मातीचे थर, बुरशीचे जाळे आणि शतकांची घडण यांचे असे स्थलांतर कितपत शक्य आहे, याविषयी परिस्थितिकीतज्ज्ञांनी गंभीर शंका व्यक्त केल्या आहेत.

याशिवाय २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला, मूळ पूर्व आशियातील बुरशीमुळे होणारा ॲशचा मररोग सर्वत्र पसरला असून त्यात सुमारे ८० टक्के ॲश वृक्ष नष्ट होतील, असा अंदाज वर्तविला जातो. हरणांची संख्याही बेसुमार वाढली आहे. त्यांतील मुंटजॅक ही चीनमधून आणलेली जात आहे. हरणे फुटवे व फुले खात असल्याने हेली वनात ऑक्सलिपच्या रक्षणासाठी कुंपण घालावे लागले. मध्ययुगीन बांधाचे काम आज तारेच्या जाळीला करावे लागत आहे.

देवराईशी तुलना

महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तो रॅकहॅम यांच्या कार्याशी समकालीन होता. देवराई न तोडल्याने टिकली, इंग्रजी वन तोडत राहिल्याने टिकले, हा उभयतांमधील मूलभूत भेद आहे. तथापि दोहोंमागे एक समान सूत्र दिसते. दोन्ही ठिकाणी वनाची सीमा ठरलेली होती, नियम सर्वांना माहीत होते आणि ते मोडले जाऊ नयेत यात गावाचे हित गुंतलेले होते. सरपणाची गरज संपताच इंग्रजी वन निराधार झाले. श्रद्धा क्षीण होताच देवराईही निराधार होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) प्राचीन वनाचे मूल्य त्यातील वृक्षांच्या वयात नसून भूमीच्या अखंडतेत आहे, म्हणून एका ठिकाणची वृक्षतोड दुसरीकडे वृक्षारोपण करून भरून काढता येत नाही.

२) अशा वनाचे आकलन एका विद्याशाखेच्या बळावर होत नाही. दस्तऐवज, भूरूपे व वनस्पती यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

३) संरक्षण म्हणजे नेहमीच हस्तक्षेपाचा अभाव नव्हे. ज्या वापरातून एखादे वन घडले, तो वापर सुरू ठेवणे हाही संरक्षणाचा मार्ग असू शकतो.

४) वनाचे भवितव्य त्याच्याशी निगडित समाजाच्या स्वारस्यावर अवलंबून असते. जुने स्वारस्य लोपल्यावर नवे निर्माण करण्यात महाविद्यालयांना मोलाचा वाटा उचलता येईल. हेली वनाचा अभ्यास एका महाविद्यालयीन संशोधकाने घडविला. आपल्या परिसरातील एखादी देवराई, गावठाणालगतची राई किंवा जुने गायरान यांचा असाच दीर्घकालीन अभ्यास वनस्पतिशास्त्र, इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे हाती घेतल्यास तो विद्यार्थ्यांच्या व त्या भूमीच्याही हिताचा ठरेल.